मेलबर्न–सिडनी–मेलबर्न: कुटुंबासह मोटारप्रवास आणि परतीची वाट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शाळेच्या सुट्ट्या जवळ आल्या, की मेलबर्नमधल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांकडून सिडनीच्या प्रवासाविषयी ठरावीक प्रश्न येऊ लागतात. काही प्रश्न महाराष्ट्रातून मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांचे असतात, तर काही नुकतीच पहिली गाडी घेतलेल्या तरुण जोडप्यांचे. त्यांची उत्तरे इथे क्रमाने दिली आहेत. जाण्याच्या दिवसापेक्षा परतीच्या दिवसाविषयी इथे अधिक लिहिले आहे आणि ते विचारपूर्वक केले आहे. जाण्याची तयारी सगळेच मनापासून करतात. परतीचा प्रवास मात्र सुट्टीतून उरलेल्या वेळात कसाबसा बसवला जातो आणि बहुतेक अडचणी तिथेच उभ्या राहतात.

१. मेलबर्न ते सिडनी अंतर किती आहे? एका दिवसात पोहोचता येते का?

ह्यूम महामार्गाने हे अंतर सुमारे ८८० किलोमीटर आहे. न थांबता गाडी चालवली तर साधारण नऊ तास लागतात. मुले बरोबर असतील आणि दर दोन तासांनी थांबायचे असेल, तर अकरा ते बारा तास धरावेत. संपूर्ण रस्ता दुहेरी असून येणारी आणि जाणारी वाहतूक वेगळी आहे. होलब्रुक गावाला बाहेरून वळसा घालणारा रस्ता २०१३ मध्ये खुला झाल्यापासून कोणत्याही गावाच्या मुख्य रस्त्यातून जावे लागत नाही. त्यामुळे गाडी चालवणारे दोघे असतील, तर एका दिवसात पोहोचणे शक्य आहे. चालवणारी व्यक्ती एकच असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: वाटेत एक मुक्काम करावा. परतीच्या दिवसाचा हिशेब वेगळा आहे. तो प्रश्न १२ मध्ये पाहावा.

२. ह्यूम महामार्गाने जावे की समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने?

किनाऱ्याचा प्रिन्सेस महामार्ग एक हजार किलोमीटरहून थोडा अधिक लांब आहे. त्याच्या बऱ्याच भागात एकच पदरी रस्ता, वळणे आणि गावे लागतात, म्हणून त्याला किमान दोन दिवस द्यावेत. तीन दिले तर उत्तम. ह्यूम रस्ता पोहोचण्यासाठी आहे आणि किनारा पाहण्यासाठी. अनेक जण जाताना ह्यूमने जातात आणि येताना किनाऱ्याने येण्याचे ठरवतात. कल्पना चांगली आहे, परंतु परतीला खरोखरच तीन दिवस हाताशी असतील तरच ती अमलात आणावी. एका दिवसात किनाऱ्याने परत येण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. किनाऱ्याने येणाऱ्यांनी प्रश्न १५ अवश्य वाचावा.

३. ह्यूमच्या वाटेवर मुलांना दाखवण्यासारखे काय आहे?

पुष्कळ आहे, फक्त त्यासाठी महामार्ग सोडून पाच-दहा मिनिटे आत जावे लागते. मेलबर्नहून निघाल्यावर सुमारे अडीच तासांनी ग्लेनरोवन लागते. नेड केली हा दरोडेखोर १८८० साली घरी बनवलेले लोखंडी चिलखत अंगावर चढवून याच गावात पोलिसांशी लढला आणि पकडला गेला. त्यापुढे वोडोंगा आणि ऑल्बरी ही जुळी गावे येतात. मधून मरे नदी वाहते आणि तीच मेलबर्नचे व्हिक्टोरिया आणि सिडनीचे न्यू साऊथ वेल्स या दोन राज्यांची सीमा आहे.

होलब्रुकला मुले हमखास थक्क होतात, कारण समुद्रापासून कित्येक तासांच्या अंतरावरच्या या गावात हिरवळीवर एक पाणबुडी उभी आहे. ‘ओटवे’ नावाच्या ऑस्ट्रेलियन पाणबुडीचा तो वरचा भाग आहे. या गावाचे नाव पूर्वी जर्मनटन होते. पहिल्या महायुद्धात ते नाव नकोसे झाले, म्हणून १९१५ मध्ये गावाला नॉर्मन होलब्रुक या ब्रिटिश पाणबुडी अधिकाऱ्याचे नाव देण्यात आले. त्याने डिसेंबर १९१४ मध्ये डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीत तुर्की युद्धनौका बुडवली होती.

गंडागायजवळ शिदोरीच्या पेटीवर बसलेल्या कुत्र्याचा पुतळा आहे. १९३२ साली त्याचे अनावरण झाले आणि तेव्हापासून तिथे थांबण्याची रीतच पडून गेली आहे. माझा आग्रह मात्र असा, की मुलांना गंडागाय गावातही न्यावे. १८५२ च्या जून महिन्यात मरंबिजी नदीला पूर आला आणि सखल जागी वसवलेले हे गाव वाहून गेले. त्या वेळी यारी आणि जॅकी जॅकी या विराड्जुरी नावाच्या आदिवासी समाजातील माणसांनी झाडांच्या सालीच्या होड्या अंधारात पुरात घातल्या आणि साठाहून अधिक लोकांना वाचवले. गावाच्या मुख्य रस्त्यावर त्यांचे कांस्यशिल्प आहे. त्याला हात लावून मुले जेव्हा ‘होडी इतकी लहान कशी?’ असे विचारतात, तेव्हा त्या दोघांच्या धैर्याचे मोल त्यांना आपोआप कळते.

गोलबर्नचा पंधरा मीटर उंचीचा सिमेंटचा मेंढा महामार्गालगतच आहे. तिथे दहा मिनिटे पुरतात.

४. कॅनबेरा याच वाटेवर आहे का?

थेट वाटेवर नाही, पण फार आडवाटेलाही नाही. मेलबर्नहून जाताना यास गावाजवळ बार्टन महामार्गावर वळावे. तिथून कॅनबेरा सुमारे ६० किलोमीटर आहे. पुढे फेडरल महामार्गाने गोलबर्नच्या थोडे अलीकडे पुन्हा ह्यूमवर येता येते. कॅनबेरा ते सिडनी हे अंतर सुमारे २९० किलोमीटर आहे. जातानाचा मुक्काम कॅनबेराला करणे सोयीचे ठरते, कारण संसदभवन आणि युद्धस्मारक दुसऱ्या दिवशी सकाळी पाहून संध्याकाळपूर्वी सिडनी गाठता येते.

५. भारतातून आलेले वडील किंवा भाऊ आपल्या भारतीय परवान्यावर गाडी चालवू शकतात का?

पर्यटक म्हणून थोड्या दिवसांसाठी आले असतील, परवाना चालू असेल आणि तो इंग्रजीत असेल, तर व्हिक्टोरिया आणि न्यू साऊथ वेल्स या दोन्ही राज्यांत चालवू शकतात. सहा महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्यांना आता दोन्ही राज्यांत स्थानिक परवाना काढावा लागतो. निघण्यापूर्वी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला तर पोलीस आणि भाड्याची गाडी देणारे अशा दोघांशीही बोलणे सोपे होते, पण मूळ परवाना बरोबर असलाच पाहिजे.

भाड्याच्या गाडीबाबत एक महत्त्वाची अट आहे. करारावर ज्यांची नावे आहेत त्यांनीच ती चालवावी. नाव नसलेल्या माणसाने ‘तासभर घेतो, तू जरा झोप’ असे म्हणून चक्र हाती घेतले आणि अपघात झाला, तर विम्याचे संरक्षण मिळत नाही. परतीच्या थकव्यातच असे घडते, म्हणून जास्तीच्या चालकाचे नाव गाडी घेतानाच नोंदवावे.

आपल्याप्रमाणेच इथेही वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे भारतीय चालकाला रस्त्याची बाजू नव्याने शिकावी लागत नाही. अडचण येते ती गोल चौकात, कारण तिथे आधीपासून आत असलेल्या गाडीला वाट देणे सक्तीचे आहे. मुक्त महामार्गावर (फ्रीवेवर) ओव्हरटेक करताना सोडून इतर वेळी डावीच मार्गिका धरावी लागते, हेही त्यांना आधी सांगून ठेवावे.

६. लहान मुलांच्या सीटचे नियम काय आहेत? आजीच्या मांडीवर बसवले तर चालते का?

मांडीवर बसवणे कोणत्याही परिस्थितीत चालत नाही, अगदी पेट्रोलपंपापासून हॉटेलपर्यंतच्या पाच मिनिटांसाठीही नाही. नियम देशभर जवळपास सारखे आहेत. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी मागे तोंड असलेली सीट लागते. सहा महिने ते चार वर्षे या वयात स्वतःचे पट्टे असलेली, मागे किंवा पुढे तोंड असलेली सीट लागते. चार ते सात वर्षांपर्यंत पुढे तोंड असलेली पट्ट्यांची सीट किंवा बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक) लागतो. सातच्या पुढेही मूल साधारण १४५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत बूस्टर वापरणेच शहाणपणाचे आहे, कारण तोवर पट्टा खांद्यावर न बसता मानेला लागतो. मागे आसनांची रांग असलेल्या गाडीत चार वर्षांखालील मुलाला पुढे बसवता येत नाही. चार ते सात वर्षांच्या मुलाला पुढे बसवायचे असेल, तर मागच्या सगळ्या जागांवर सातच्या आतलीच मुले असावी लागतात.

भारतातून किंवा दुबईहून आणलेली सीट कितीही चांगली असली तरी इथे वैध नाही. सीटवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मानक १७५४ ची खूण असावी लागते. भाड्याच्या गाडीत सीट हवी असेल तर गाडी नोंदवतानाच तसे सांगावे.

आणखी एका गोष्टीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. इथल्या सीटला वरून मागे जाणारा एक पट्टा असतो आणि तो गाडीतल्या ठरावीक कडीला अडकवावा लागतो. स्टेशन वॅगनसारख्या गाडीत ही कडी सामानाच्या जागेत असू शकते. परतीच्या दिवशी पिशव्या वाढलेल्या असतात. सामान कोंबताना तो पट्टा सुटतो किंवा पिशवीखाली पिळला जातो. सामान भरून झाल्यावर प्रत्येक सीटचा वरचा पट्टा हाताने ओढून पाहावा.

७. वेगमर्यादा किती आहे आणि कॅमेरे कुठे असतात?

ह्यूमच्या बहुतांश भागात ताशी ११० किलोमीटर ही मर्यादा आहे. शहरांजवळ आणि दुरुस्तीच्या जागी ती कमी होते. ‘कॅमेरा दिसला की वेग कमी करू’ हा विचार इथे उपयोगाचा नाही. व्हिक्टोरियात मेलबर्नच्या उत्तरेस ब्रॉडफर्डपर्यंतच्या पट्ट्यात सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. एका कॅमेऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून सरासरी काढली जाते, त्यामुळे मध्येच कमी केलेल्या वेगाने फारसा फरक पडत नाही. न्यू साऊथ वेल्समध्ये पूर्वी अशी मोजणी फक्त अवजड वाहनांसाठी होती. २०२५ मध्ये कूलॅक आणि गंडागाय यांच्यामध्ये लहान गाड्यांसाठीही ती प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली.

गाडी चालवताना हातात मोबाइल धरला, तर तो टिपणारे कॅमेरे दोन्ही राज्यांत आहेत. त्याच कॅमेऱ्यांतून सीटबेल्टही तपासला जातो. मागे झोपलेल्या माणसाने पट्टा काढला, तरी दंड चालकाला होतो. रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.०५ टक्के आहे, शिकाऊ आणि नव्या परवान्यावर ती शून्य आहे.

८. टोल किती ठिकाणी लागतो? रोख भरता येतो का?

ह्यूम महामार्गावर टोल नाही. टोल लागतो तो दोन्ही शहरांमध्ये, आणि तो कुठेही रोख घेतला जात नाही. मेलबर्नमध्ये सिटीलिंक आणि ईस्टलिंकवर टोल आहे. पश्चिम उपनगरांतून निघणाऱ्यांना रिंग रोडने टोलाविना ह्यूम गाठता येतो. सिडनीत बहुतेक जलदमार्गांवर आणि बोगद्यांत टोल आहे; हार्बर ब्रिज आणि हार्बर टनेल यांवर तो फक्त उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना लागतो. मेलबर्नच्या खात्याचा टॅग सिडनीतही चालतो. भाड्याची किंवा मित्राची गाडी असेल, तर टोल कोणाच्या खात्यावर जाणार हे आधी ठरवावे, नाहीतर काही आठवड्यांनी नोटीस येते आणि तीही मित्राच्या घरी.

९. पेट्रोल कुठे भरावे? इलेक्ट्रिक गाडी नेता येईल का?

इथे पंपाला ‘सर्वो’ म्हणतात. इंधन स्वतः भरून, पंपाचा क्रमांक लक्षात ठेवून आत पैसे द्यावे लागतात. ९१, ९५, ९८, ई १० आणि डिझेल असे पर्याय असतात; आपल्या गाडीला काय चालते ते टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेले असते. महामार्गालगतच्या पंपांपेक्षा गावातल्या पंपावर दर बहुधा कमी असतो. न्यू साऊथ वेल्समध्ये सरकारी ‘फ्युएलचेक’ ॲपवर दर पाहता येतात. टाकी पाव झाली की भरावी.

इलेक्ट्रिक गाडीने हा प्रवास सहज होतो. युरोआ, वोडोंगा, गंडागाय आणि गोलबर्न या गावांत जलद चार्जर आहेत. फक्त लांब सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तिथे रांगा लागतात, म्हणून परतीच्या वेळापत्रकात एक तास जास्तीचा धरावा.

१०. बरोबर कोणता डबा न्यावा? वाटेत शाकाहारी जेवण मिळते का?

बटाट्याचे वेफर्स, पाव आणि चीज सगळीकडे मिळते. याहून वेगळे काही हवे असेल तर आपला डबा हवाच. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, लाडू आणि चिवडा ही आपली जुनी प्रवासाची शिदोरी इथेही तितकीच उपयोगी पडते. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दहीभात आणि ओल्या नारळाची चटणी मात्र उन्हाळ्यात टाळावी, कारण जानेवारीत या भागात पारा चाळिशीपर्यंत जातो आणि बंद डिकीत त्याहूनही वर. न्यायचीच असेल तर बर्फ घातलेल्या ‘एस्की’त, म्हणजे थंड ठेवणाऱ्या पेटीत ठेवावी. बऱ्याच गावांच्या बागांत विजेच्या शेगड्या असतात आणि त्या मोफत वापरता येतात. तिथे दशम्या गरम करून घेता येतात.

खरी अडचण परतीच्या डब्याची असते. जाताना स्वयंपाकघर आपले असते, येताना ते हॉटेलचे किंवा यजमानांचे असते. त्यामुळे परतीला मुले दिवसभर तळलेले खातात आणि प्रश्न ११ मधली तक्रार सुरू होते. आम्ही आता सिडनीत शेवटच्या संध्याकाळी हॅरिस पार्क या उपनगरात जातो. तिथे भारतीय दुकाने आणि उपाहारगृहे ओळीने आहेत. दुसऱ्या दिवसाच्या जेवणाची सोय तिथून करून घेतो आणि थर्मासमध्ये चहा सकाळी भरतो.

११. मुलीला गाडी लागते. काय करावे?

निघण्यापूर्वी हलके खाऊ घालावे. रिकामे पोट आणि भरगच्च पोट दोन्ही वाईट. तिला समोरचा रस्ता दिसेल अशा जागी बसवावे आणि चालत्या गाडीत पुस्तक किंवा पडदा पाहू देऊ नये. काच थोडी खाली ठेवावी. आलेपाकाची वडी आमच्याकडे उपयोगी पडते. औषध द्यायचे असेल तर ते निघण्यापूर्वी आणि डॉक्टरांना विचारून द्यावे. ह्यूम रस्ता सरळ असल्याने त्रास कमी होतो. किनाऱ्याच्या वळणांवर तो वाढतो.

१२. सिडनीहून एकाच दिवसात परत आलो तर काय बिघडते? जाताना तर सहज गेलो होतो.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर सर्वांत कमी ऐकले जाते, म्हणून ते सविस्तर देतो.

अंतर तेवढेच असले तरी दिवस तसा नसतो. जाताना आपण आदल्या रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपलेले असतो आणि पहाटे पाचला निघतो. परतीला हॉटेलची खोली दहाला सोडायची असते, यजमान ‘नाश्ता करूनच जा’ म्हणतात आणि सिडनीच्या वाहतुकीतून बाहेर पडेपर्यंत दुपार होते. आधीचे चार दिवस चालून-फिरून पाय दुखत असतात. त्यातच दुसऱ्या दिवशी शाळा आणि कामावर जायचे असते, त्यामुळे उशीर झाला तरी थांबायचे मन होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट सूर्याची आहे. सिडनीहून मेलबर्नकडे येणारा रस्ता नैर्ऋत्येला जातो. त्यामुळे दुपार कलली की सूर्य समोरच्या काचेवर येतो आणि मावळेपर्यंत तिथेच राहतो. जाताना हेच ऊन संध्याकाळी पाठीमागे असते. दोन-तीन तास डोळे बारीक करून गाडी चालवल्यावर अंधार पडतो आणि नेमक्या त्याच वेळी कांगारू चरायला बाहेर येतात. जून-जुलैमध्ये मेलबर्नच्या बाजूला सूर्यास्त सव्वापाचच्या सुमारास होतो. सिडनीहून सकाळी नऊला निघालेल्या कुटुंबाला वँगरॅटाच्या आसपास अंधार गाठतो आणि पुढचे अडीच तास रात्रीचे असतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही असेच दहाला निघालो होतो. बेनॅलाच्या पुढे रात्री गाडीचे डावे चाक कडेच्या खरबरीत पट्टीवर गेले आणि त्या घरघराटाने मी जागा झालो. जागा झालो म्हणजे त्याआधी मी झोपलो होतो. मागे दोन्ही मुले माना टाकून झोपलेली होती आणि शेजारी झोपलेल्या पत्नीच्या मांडीवर अर्धे सोललेले संत्रे तसेच होते. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात तीस मीटर जाते. मी किती सेकंद झोपलो होतो हे मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून आम्ही परतीचा मुक्काम ऑल्बरीला करतो. सिडनी ते ऑल्बरी सुमारे ५५० किलोमीटर आहे आणि तिथून मेलबर्न सुमारे सव्वातीनशे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघालो, तर जेवायला घरी असतो. त्यासाठी सिडनीतली एक रात्र कमी करावी लागली तरी चालेल. मुक्काम करणे शक्यच नसेल, तर सकाळी सहापूर्वी सिडनी सोडावी; नाश्ता गोलबर्नला करावा.

१३. चालवताना झोप येऊ लागली तर काचा उघडून, गाणी लावून जाता येते का?

नाही. वारा आणि गाणी यांनी जाग आल्यासारखी वाटते, पण झोपेची गरज संपत नाही. जांभया, डोळ्यांची आग, मागचे पाच किलोमीटर न आठवणे आणि मार्गिकेतून सरकणे ही लक्षणे दिसली, की पुढच्या विश्रांतीस्थळी थांबावे. ही स्थळे ह्यूमवर थोड्याथोड्या अंतरावर आहेत. कॉफी घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे डुलकी काढावी. जाग येईपर्यंत कॉफीचा परिणाम सुरू झालेला असतो. लांब सुट्टीच्या दिवसांत अनेक ठिकाणी ‘ड्रायव्हर रिव्हायव्हर’ नावाचे तंबू लागतात. तिथे स्वयंसेवक चालकांना मोफत चहा, कॉफी आणि बिस्किटे देतात. तिथली ज्येष्ठ मंडळी स्वतःची सुट्टी सोडून उन्हात उभी असतात. दोन शब्द बोलून, आभार मानून पुढे जावे. टार्कटा हे गाव दोन्ही शहरांच्या साधारण मध्यावर आहे. तिथे रस्त्यावर प्राण गेलेल्या ट्रकचालकांचे स्मारक आहे, त्यावरच्या नावांची यादी एकदा वाचावी.

१४. कांगारू समोर आला तर काय करावे?

ब्रेक दाबावा आणि चक्र सरळ धरावे. त्याला चुकवण्यासाठी गाडी वळवली, तर ती झाडावर किंवा समोरच्या गाडीवर जाते आणि गंभीर अपघात तसेच होतात. एक कांगारू रस्ता ओलांडून गेला तरी वेग लगेच वाढवू नये, कारण त्याच्यामागे बहुधा दुसरा असतो. पहाट आणि संध्याकाळ ही धोक्याची वेळ आहे. धडक झालीच, तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन इशाऱ्याचे दिवे लावावेत आणि मुलांना वाहतुकीपासून दूर उभे करावे. मादीच्या पिशवीत पिल्लू जिवंत असू शकते. व्हिक्टोरियात वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया आणि न्यू साऊथ वेल्समध्ये वायर्स या संस्था फोनवर मार्गदर्शन करतात. माणसाला इजा झाली असेल तर ००० ला फोन करावा. भाड्याच्या काही करारांत रात्री प्राण्याला धडकून झालेले नुकसान वगळलेले असते, म्हणून ते कलम आधी वाचावे.

१५. परतीला किनाऱ्याने येणार आहोत. कोणती काळजी घ्यावी?

सिडनी सोडल्यावर पाऊण-एक तासातच हेलेन्सबर्गचे श्रीवेंकटेश्वराचे मंदिर आहे. १९८५ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. दर्शन घेऊन, तिथल्या उपाहारगृहात खाऊन पुढे निघणे हा परतीचा फार चांगला आरंभ आहे. पुढे समुद्रावर बांधलेला सी क्लिफ पूल, कायॅमाचे उसळणारे फवारे आणि नरूमाची खाडी पाहत पहिला मुक्काम बेटमन्स बे किंवा नरूमाला, दुसरा लेक्स एन्ट्रन्सला करावा.

ईडन सोडून व्हिक्टोरियात शिरल्यावर कॅन रिव्हर आणि ऑर्बोस्टपर्यंत दाट जंगल आहे. मोबाइलला बराच वेळ रेंज नसते, पंप थोडे आहेत आणि समोरून ट्रक येतात. ईडनला टाकी भरावी, नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि हा पट्टा दिवसाउजेडी पार करावा.

उन्हाळ्यात वणव्यांची माहिती रोज सकाळी पाहावी. २०१९-२० च्या वणव्यांत हा महामार्ग अनेक ठिकाणी कित्येक दिवस बंद होता आणि मॅलाकूटा या किनाऱ्यावरच्या गावाचे लोक समुद्रमार्गे बाहेर काढावे लागले. बॉक्सिंग डे कसोटी मेलबर्नला पाहून नववर्षाच्या कसोटीसाठी सिडनीला जाणारी आपली मंडळी नेमकी याच काळात प्रवास करतात. रस्ता बंद झाला तर ह्यूमने परत येण्याची तयारी ठेवावी. ‘थोडे पुढे जाऊन पाहू’ असे म्हणू नये.

१६. फळे बरोबर नेली तर अडवतात का?

मेलबर्न आणि सिडनी यांच्यामध्ये ह्यूमवर तपासणी नाका नाही. परंतु परतीला वाट वाकडी करून ॲडलेडला जाणार असाल, तर दक्षिण ऑस्ट्रेलियाचे नियम फार कडक आहेत. फळमाशीपासून तिथल्या बागा वाचवण्यासाठी बाहेरची फळे आणि बऱ्याच भाज्या आत नेऊ देत नाहीत. सीमेपूर्वी त्या टाकण्यासाठी पेट्या असतात आणि दंड मोठा असतो. डब्यातले शिजवलेले अन्न चालते. पिशवीतली केळी, टोमॅटो आणि मिरच्या आधीच संपवाव्यात.

१७. परतीच्या वाटेवर बर्फ पाहायला जाता येईल का?

थ्रेडबो किंवा पेरिशरकडे जाणारा रस्ता कोझिअस्को राष्ट्रीय उद्यानातून जातो. जूनच्या लांब सुट्टीपासून ऑक्टोबरच्या लांब सुट्टीपर्यंत तिथे इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळणाऱ्या गाडीत बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या बाळगणे सक्तीचे आहे, मग त्या दिवशी रस्त्यावर बर्फ असो वा नसो. भाड्याच्या अनेक गाड्या बर्फात नेण्याची परवानगीच नसते. हा वेगळा दोन दिवसांचा प्रवास आहे. परतीच्या दिवसात तो बसवू नये.

१८. दोन राज्यांच्या नियमांत नवख्या माणसाला फसवणारा फरक कोणता?

सिग्नलवरचा यू-टर्न. व्हिक्टोरियात मनाईची पाटी नसेल तर सिग्नलवर यू-टर्न घेता येतो. न्यू साऊथ वेल्समध्ये परवानगीची पाटी असेल तरच घेता येतो. मेलबर्नची सवय सिडनीत महागात पडते. सिडनीहून मेलबर्नला पाहुणे येणार असतील, तर त्यांना ट्रामच्या रस्त्यांवरचे ‘हूक टर्न’ समजावून सांगावे. तिथे उजवीकडे वळायचे असते, पण थांबायचे डावीकडे.

१९. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परत येणार आहोत. त्यात काही वेगळे आहे का?

आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला दोन्ही राज्यांत घड्याळे एक तास पुढे जातात. न्यू साऊथ वेल्सची कामगार दिनाची सुट्टी बहुधा लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी असते, पण व्हिक्टोरियात ती मार्चमध्ये असते. म्हणजे सिडनीकरांना सोमवार मोकळा असतो, आणि मेलबर्नच्या मुलांची शाळा बहुधा त्याच सोमवारी सुरू होते. परिणामी आपली कुटुंबे नेमकी त्या रविवारी परत निघतात, जेव्हा झोप एक तासाने कमी झालेली असते. त्या सुट्टीत न्यू साऊथ वेल्समध्ये वाहतूक गुन्ह्यांसाठी परवान्यावर लागणारे दंडगुण (डिमेरिट पॉइंट) दुप्पट धरले जातात आणि पोलिसांची गस्त वाढलेली असते.

मोबाइलचे घड्याळ आपोआप बदलते, गाडीतले अनेकदा बदलत नाही. दोन्ही जुळवल्याशिवाय निघू नये, कारण नकाशावरची पोहोचण्याची वेळ आणि समोरच्या पट्टीवरची वेळ यांत तासाचे अंतर राहिले, तर मुक्कामाचा हिशेब चुकतो. सूर्यास्तही घड्याळानुसार तासभर उशिरा होतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात सहानंतर दिसणारे कांगारू आता सातनंतर दिसू लागतात. त्या शनिवारी रात्री मुलांना नेहमीपेक्षा तासभर आधी झोपवावे, आणि गाडी चालवणाऱ्यानेही मुलांबरोबरच दिवा मालवावा.